उत्तर समुद्राचा हिवाळा रंगवताना पांढरी ट्यूब खिशातच राहू द्या

नेदरलँड्समध्ये द हेग शहराला लागून असलेल्या स्खेव्हेनिंगेनच्या किनाऱ्यावर मी पहिल्यांदा रंगपेटी घेऊन गेले तेव्हा जानेवारी होता आणि रात्री बर्फ पडून गेला होता. दोन तास उभी राहिले, बोटं बधिर झाली, पांढऱ्या रंगाची अर्धी ट्यूब संपवली. घरी येऊन चित्र दिव्याखाली धरलं तर त्यात थंडी कुठेच नव्हती. आकाश पांढरं, फेस पांढरा, बर्फ पांढरा. सगळं नुसतं खडूसारखं कोरडं दिसत होतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक डच आजोबा राहायचे. त्यांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. ते चित्र त्यांनी हातभर लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी पांढरा रंग घरी ठेवून जा." मी म्हटलं, आजोबा, बर्फ कशाने रंगवू मग? ते म्हणाले, "राखाडीने. मेस्दाखने काय केलं ते नीट बघून ये आधी."

गेली नऊ वर्षं दर हिवाळ्यात मी तेच करते आहे. खाली लिहिलंय ते सगळं त्या एका सूचनेतून निघालेलं आहे. तैलरंगात थोडाफार हात बसलेल्या, पण हिवाळ्यातल्या समुद्रापुढे अडलेल्या माणसासाठी हे लिहिते आहे.

आधी मेस्दाख बघा, तोही ढगाळ दिवशी

हेन्ड्रिक विलेम मेस्दाख (1831–1915) हा समुद्र रंगवणारा डच चित्रकार, ग्रोनिंगेन शहरातला, बँकवाल्यांच्या घरातला. पस्तिशीपर्यंत त्याने बँकेतच काम केलं, मग ते सोडून ब्रसेल्सला विलेम रुलोफ्स या चित्रकाराकडे शिकायला गेला. 1868 चा उन्हाळा उत्तर समुद्रातल्या नॉर्डर्नाय या जर्मन बेटावर काढला आणि तिथे समुद्राने त्याला धरलं ते कायमचं. पुढच्याच वर्षी तो द हेगला राहायला आला. 1870 मध्ये फुटत्या लाटांच्या चित्राला पॅरिसच्या सलों या मोठ्या चित्रप्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. समुद्र कुठल्याही हवेत बघता यावा म्हणून त्याने स्खेव्हेनिंगेनला समुद्रासमोर खोली घेतली होती. मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या खोलीमुळे. एकच पाणी आयुष्यभर रोज बघायचं, याला वेगळीच चिकाटी लागते.

त्याच्या आधीच्या पिढीत आंद्रेआस स्खेल्फहाउट (1787–1870) हिवाळ्याची चित्रं काढायचा. गोठलेले कालवे, स्केटिंग करणारी माणसं, गुळगुळीत रंगवलेलं गुलाबी आकाश. सुंदर आहेत ती, पण त्यांच्यासमोर उभं राहून अंगावर शहारा येत नाही. मेस्दाख, माउव्ह, वाइसेनब्रूख, मारिस बंधू या चित्रकारांनी राखाडी रंगाला मानाचं पान दिलं. समीक्षक व्हान सान्टेन कोल्फने 1875 मध्ये या मंडळींना 'हेग स्कूल' हे नाव दिलं. लोक त्यांना राखाडी स्कूलही म्हणायचे. आपल्याला शिकायचंय ते नेमकं हेच, राखाडीत किती काय काय असतं ते.

द हेगमध्ये 'पॅनोरमा मेस्दाख' आहे, तिथे जा. 1881 साली काढलेलं हे गोल चित्र 14 मीटर उंच आणि घेराने सुमारे 120 मीटर आहे. मेस्दाखने सेनपोस्ट नावाच्या वाळूच्या टेकडीवर काचेचं नळकांडं उभं करून, त्याच्या आत बसून, चहूकडचं दृश्य काचेवर आखून घेतलं होतं. मग ते मोठं करून कॅनव्हासवर उतरवलं. बायको सीन्ट्ये व्हान हाउटेन, तरुण ब्राइट्नर, द बॉक, ब्लॉमर्स असे बरेच हात लागलेत त्याला. गाव सीन्ट्येने रंगवलं, आणि मला ते अख्ख्या चित्रातल्या उत्तम भागांपैकी एक वाटतं. तिचं नाव मागे राहून जातं म्हणून मुद्दाम सांगते.

ढगाळ दिवशी जा म्हणण्याचं कारण असं की हे चित्र छतातल्या काचेतून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात दिसतं. बाहेर ढग आला की चित्रातला समुद्रही काळवंडतो. चित्र उन्हाळी हवेचं आहे, पण डिसेंबरातल्या दुपारी तीनला त्याच रंगांवर हिवाळा उतरलेला मी पाहिला आहे.

जाताना एका साध्या राखाडी पुठ्ठ्याला पंचिंग मशीनने भोक पाडून खिशात ठेवा. एक डोळा मिटा आणि त्या भोकातून लाटेचा फेस बघा. नुसत्या डोळ्यांना जो पांढराशुभ्र दिसत होता तो भोकातून बघितला की मळकट निघतो, ओल्या वर्तमानपत्राच्या रंगाचा. मग भोक हळूहळू आकाशाकडे सरकवा. आकाशातली एखादीच फट फेसापेक्षा उजळ निघेल. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा तिथल्या कठड्याला टेकून अर्धा तास नुसती भोकातून बघत उभी होते. माझ्या जानेवारीच्या चित्रात काय चुकलं ते मला तिथे कळलं.

मग ट्राम पकडून समुद्रावर जा आणि तोच पुठ्ठा खऱ्या फेसावर धरा.

कुठे, केव्हा आणि काय घालून

स्खेव्हेनिंगेनचा किनारा वायव्येला तोंड करून आहे. चित्रकाराला याचा अर्थ फार मोठा. उन्हाळ्यात इथे सूर्य समुद्रात बुडतो, पण डिसेंबरमध्ये तो नैऋत्येला, म्हणजे समुद्राकडे तोंड केलं तर डाव्या हाताला, किनाऱ्याच्या टोकाशी मावळतो. भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून जेमतेम 15 अंशांवर असतो. म्हणजे ऊन पडलंच तर ते तुमच्या पाठीमागून आणि डावीकडून, अगदी सपाट येतं. लाटेची तुमच्याकडची बाजू उजळते, तिच्यामागचं आकाश मात्र काळं असतं. काळ्या ढगापुढे उजळलेली लाट हा उत्तर समुद्राच्या हिवाळ्याचा खास देखावा. तो दहा मिनिटं टिकला तर नशीब समजा.

डिसेंबरात पावणेनऊच्या सुमाराला उजाडतं आणि साडेचारला अंधारायला लागतं. मी अकरा ते दोन ही वेळ धरते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघून ठेवा. इथे पाणी दीड ते दोन मीटर चढउतार करतं आणि ओहोटी लागल्यावर मागे जी ओली सपाट वाळू राहते ती आकाशाचा आरसा होते. चित्राचा तळचा भाग त्या आरशावर उभा राहतो, म्हणून ओहोटी लागल्यावर तासाभराने पोचा.

कपड्यांचं एवढंच सांगते की मनगटं झाका. बोटं उघडी चालतात, मनगट गार पडलं की हात संपला. पायाखाली जाड पुठ्ठा किंवा चटई टाका, कारण ओली वाळू बुटाच्या तळव्यातून ऊब ओढून घेते. इझल नेलंत तर त्याच्या तिन्ही पायांच्या मधे पिशवी टांगा आणि तिथलीच वाळू भरा. मी आता इझल नेत नाही. झाकणात फळी अडकवता येईल अशी छोटी पेटी मांडीवर घेऊन दगडी बंधाऱ्याच्या आडोशाला बसते. फळी 18 बाय 24 सेंटीमीटरची, याहून मोठी नाही. वाऱ्यात मोठा कॅनव्हास म्हणजे शीड.

जलरंग नेऊ नका. शून्याखाली पाणी कागदावरच गोठतं, त्याची नक्षी उमटते आणि घरी आल्यावर ती वितळून सगळं एक होतं. तैलरंग गोठत नाहीत, फक्त घट्ट होतात. ट्यूबा कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या की काम भागतं.

वाळू रंगात जाणारच. ऑगस्ट 1882 मध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉग याच किनाऱ्यावर वादळी हवेत बसला होता. त्या चित्रावर इतकी वाळू उडाली की त्याने रंग खरवडून पुन्हा लावला, तरी काही कण आत राहिलेच, आणि ते आजही त्या चित्रात आहेत. हे चित्र 2002 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयातून चोरीला गेलं आणि 2016 मध्ये इटलीत नेपल्सजवळ सापडलं. वाळू त्या सगळ्यातून चित्राला चिकटून राहिली. तुमच्या फळीवर वाळू बसली तर ओल्या रंगात बोटाने पुसायला जाऊ नका, रंग चिखल होतो. रंग सुकू द्या, मग वाळू कोरड्या ब्रशने झटका. निघेल ती निघेल.

राखाडी घरूनच मळून न्या

ही माझी पद्धत आजोबांच्या बोलण्यावरून आली आणि माझ्यापुरता मोठा फरक तिनेच पडला. निघण्याच्या आदल्या रात्री तीन राखाडी मळून छोट्या डब्यांत भरायचे. पांढरी ट्यूब न्यायची, पण कोटाच्या आतल्या खिशात, बटण लावून. किनाऱ्यावर पॅलेटवर पांढरा नसतोच.

पहिला राखाडी गार, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर यांचा. पांढऱ्यात थोडा थोडा मिसळत जा, आणि निळ्याकडे झुकवून थांबा. दुसरा ऊबदार, कोबाल्ट ब्लू आणि लाइट रेडचा, त्यात यलो ओकरचा कण. दोन्ही एकाच उजळपणाचे हवेत. हे तपासायला त्यांचे ठिपके शेजारी शेजारी लावा आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. फोटोत दोन ठिपक्यांमधली सीमा पुसट व्हायला हवी. दिवसाच्या उजेडात मात्र एक निळसर आणि एक तांबूस, असे स्पष्ट वेगळे दिसले पाहिजेत. थंडी या दोन शेजाऱ्यांमधून येते. एकटा निळा राखाडी कितीही लावला तरी तो नुसता निळा दिसतो. त्याच्याजवळ तेवढाच उजळ पण जरा तांबूस राखाडी आला की निळा एकदम गारठतो.

तिसरा राखाडी पाण्यासाठी. आयव्हरी ब्लॅक आणि यलो ओकर मिसळून बघा. काळ्या-पिवळ्यातून शेवाळी हिरवा निघतो. उत्तर समुद्र किनाऱ्याजवळ निळा नसतो, तळाची वाळू आणि गाळ सतत ढवळत असतो, म्हणून तो असाच शेवाळी-तपकिरी दिसतो. माझ्या पहिल्या चित्रांत मी पाण्याला निळा दिला, आणि आजोबांनी विचारलं होतं, "हा कुठला समुद्र?"

पांढऱ्याबद्दल आणखी एक. मेस्दाखच्या काळात शिशाचा पांढरा वापरत. तो किंचित उबदार, चिवट, आणि इतर रंगांना दाबत नसे. आपण वापरतो तो टायटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकातला. तो फार जोरकस आणि गार आहे, थोडाही जास्त झाला की मिश्रण खडूसारखं होतं. शिसं विषारी, म्हणून मी ते घरात ठेवत नाही. त्याऐवजी टायटॅनियम व्हाइटमध्ये आधीच ओकरचा अगदी थोडा अंश मळून ठेवते आणि मिश्रणात जितका पांढरा लागेल असं वाटतं त्याच्या निम्म्याने सुरुवात करते.

फळीवर आदल्या आठवड्यात पातळ तपकिरी अस्तर द्या. बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये, चहाच्या रंगाचा. हे अस्तर पुढे ओल्या वाळूत जागोजागी तसंच उघडं सोडायचं आहे.

आधी वारा ठरवा

पोचल्यावर पंधरा मिनिटं काही करू नका. हात खिशात घालून उभे राहा आणि वारा कुठून येतो ते बघा. हिवाळ्याच्या समुद्राच्या चित्रात मुख्य पात्र वारा असतं, आणि तो दिसत नाही म्हणून लोक विसरतात.

वायव्येचा वारा समुद्राकडून थेट तोंडावर येतो. तेव्हा लाटा मागून ढकलल्या जातात, माथे लवकर कोसळतात आणि फेसाच्या चार-पाच फाटक्या रांगा एकामागे एक दिसतात. तळाशी किनाऱ्याला समांतर वाळूचे बांध आहेत, त्यांच्यावर लाट आधी एकदा फुटते, सावरते आणि पुन्हा फुटते. आग्नेयेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तोच कोरडा आणि कडाक्याचा. तो लाटेचा माथा धरून ठेवतो, लाट उंच उभी राहते आणि तिच्या शेंड्यावरून तुषारांची झालर मागे, समुद्राकडे उडते. या दोन समुद्रांची चित्रं वेगळी आहेत. अर्धी लाट वायव्येची आणि अर्धी आग्नेयेची झाली की बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे कळतं.

वाळूवर बसलेल्या सीगलकडे बघा. ते सगळे वाऱ्याकडे तोंड करून बसतात. टेकड्यांवरचं गवत वाऱ्याच्या उलट्या बाजूला झुकतं. ढगांखालून लोंबणारे पावसाचे पडदे तिरके होतात. यांपैकी जे काही तुमच्या चित्रात येईल ते एकाच वाऱ्याचं ऐकणारं हवं. मी फळीच्या मागे आधी एक बाण काढते आणि शेजारी दिशा लिहिते. ब्रश ओढायची वेळ आली की मागे उलटून बघते.

आकाश, आणि क्षितिजाची बोटभर जागा

फळीवर तीनच पट्टे पाडा, आकाश, पाणी, वाळू. क्षितिज खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या जरा वर घ्या, कारण हिवाळ्यात बोलायचं असतं ते आकाशाला. डोळे अर्धे मिटा आणि ठरवा की तिघांत गडद कोण. बहुतेक ढगाळ दिवशी पाणी सगळ्यात गडद, ओली वाळू त्याहून उजळ आणि आकाश सगळ्यात उजळ. पण समुद्रावरून सर येत असेल तर ढगाचा तळ पाण्याहूनही काळा होतो. अशा वेळी तो तसाच काळा रंगवायची हिंमत करा.

आकाश मोठ्या हॉग ब्रशने (डुकराच्या राठ केसांच्या), दोन्ही राखाडी शेजारी शेजारी ठेवून भरा. मिसळू नका, एकमेकांत घुसवा. ब्रशचा ओढा वाऱ्याच्या दिशेने असू द्या, आणि ब्रशच्या केसांच्या रेषा दिसल्या तर गुळगुळीत करू नका. मेस्दाखच्या चित्रांजवळ जाऊन आकाश बघितलंत तर तिथे त्याच्या हाताचा वेग तसाच वाळलेला दिसतो.

आता क्षितिज. इथे मी नवख्यांना जरा जास्त वेळ थांबवते. हिमसर समुद्रावर उतरते तेव्हा ती फिकट, दुधाळ पडद्यासारखी दिसते आणि तिच्यामागचं क्षितिज पुसून टाकते. पडद्याच्या दोन्ही बाजूंना मात्र क्षितिज सुरीसारखं असतं. म्हणजे एकाच रेषेचा एक तुकडा धारदार, मधला गायब, पुढचा पुन्हा धारदार. गेल्या फेब्रुवारीत मी नुसता तो बोटभर भाग रंगवला. डावीकडे काळ्या-शेवाळी पाण्याची कडा फिकट आकाशाला लागून, अगदी कोरड्या ब्रशने. मधे ओल्या आकाशात पाण्याचा रंग ओढून घेतला आणि बोटाने एकदाच उभं पुसलं, वरून खाली, थोडं तिरकं. उजवीकडे पुन्हा कडा. एवढं झाल्यावर बर्फ पडतो आहे हे सांगायला एकही ठिपका द्यावा लागला नाही. पांढरे ठिपके मारून हिमवर्षाव दाखवायची सवय असेल तर ती सोडा. दूरचा बर्फ कण म्हणून दिसतच नाही, तो हवा होऊन दिसतो.

लाट आणि वाळू

सगळ्या लाटा रंगवू नका. एक निवडा, तिसऱ्या रांगेतली, आणि बाकीच्यांना आडव्या तुटक पट्ट्यांवर सोडा. निवडलेल्या लाटेचं पोट शेवाळी राखाडीने, खालून वर, ब्रश तिच्या वळणाबरोबर फिरवत. माथ्याशी पाणी पातळ होतं आणि उजेड आरपार येतो, तिथे त्याच राखाडीत ओकर वाढवा. कोसळणाऱ्या फेसाला आधी सावलीचा रंग द्या, म्हणजे गार राखाडी, आणि तो जितका गडद द्यावासा वाटतो त्याहून थोडा जास्त गडद. फेस म्हणजे बुडबुड्यांचा ढीग. त्याला पोट असतं, तळ असतं, सावली असते. लाटेच्या पायथ्याशी, जिथे फेस पाण्याला टेकतो, तिथे एक जवळपास काळी रेघ असते, ती सोडू नका. लाटेला वजन त्या रेघेने येतं.

वाळूच्या आरशात जे आकाश पडतं ते वरच्या आकाशापेक्षा एक पायरी गडद आणि थोडं उबदार. ब्रश आधी उभा ओढा, मग वरून एकदाच हलक्या हाताने आडवा. मधे मधे तपकिरी अस्तर उघडं राहू द्या.

बर्फ कुठे असतो ते बघून मगच रंगवा. खारं पाणी जिथवर पोचतं तिथे बर्फ टिकत नाही. तो भरतीच्या खुणेच्या वर, कोरड्या वाळूत आणि टेकड्यांच्या गवतात साचतो. म्हणून बर्फाची खालची कडा वेडीवाकडी, शेवटच्या लाटेने कुरतडलेली असते आणि तिच्याशेजारची ओली वाळू बर्फामुळेच फार काळी वाटते. ढगाळ दिवशी माथ्यावरचं आकाश क्षितिजाजवळच्या आकाशापेक्षा बरंच उजळ असतं, त्यामुळे जमिनीवरचा बर्फ क्षितिजाजवळच्या ढगापेक्षा उजळ दिसू शकतो. भोकाचा पुठ्ठा इथे पुन्हा बाहेर काढा आणि खात्री करून घ्या.

होड्यांचं काय

मेस्दाखच्या चित्रांतल्या त्या जाडजूड, सपाट तळाच्या होड्या म्हणजे बॉमस्खाउट. स्खेव्हेनिंगेनला बंदरच नव्हतं, म्हणून होड्या सरळ वाळूवर लावत आणि घोडे जुंपून वर ओढत. 1894 च्या डिसेंबरात, 22 आणि 23 तारखांच्या वादळाने किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या एकमेकींवर आपटून फोडल्या. त्यानंतर बंदराची मागणी पुढे रेटली गेली आणि 1904 मध्ये ते झालं. त्या होड्या आता किनाऱ्यावर नाहीत.

मी दोन वर्षं जुन्या चित्रांवरून होड्या उचलून माझ्या समुद्रात ठेवत होते. त्या तरंगायच्या, टेकायच्या नाहीत. सपाट तळाची होडी वाळूत कशी रुतते, तिच्या सावलीत किती ओल साचते, हे मी पाहिलेलंच नव्हतं. चित्रात एक गडद, जड वस्तू हवीच असते, नाहीतर राखाडीला मोजायला काही राहत नाही. तेव्हा तिथे खरोखर आहे ते घ्या, काळे दगडी बंधारे, पाण्यात गेलेला लाकडी खांब, कुत्र्याला घेऊन वाऱ्याविरुद्ध वाकून चालणारा माणूस. माणूस एका ब्रशच्या दोन फटक्यांत येतो, पाय वेगळे दाखवू नका. होडीच काढायची असेल तर संग्रहालयात मेस्दाखच्या होडीची नक्कल करा. अभ्यास म्हणून ती फार उपयोगी आहे.

आता खिसा उघडा

वीस-पंचवीस मिनिटांत एवढं झालं पाहिजे. उजेड तसाही बदललेला असतो. आता फळी पायाजवळ ठेवा, चार पावलं मागे जा आणि ठरवा की सगळ्यात उजळ जागा कोणत्या तीन. तीनच. बहुधा एक निवडलेल्या लाटेच्या माथ्यावर, एक ढगाच्या फटीत, आणि एक वाळूच्या आरशात त्या फटीच्या बरोबर खाली. पांढरी ट्यूब काढा, ओकरचा अंश घातलेला पांढरा ब्रशच्या टोकावर भरपूर घ्या आणि एका जागी एकदाच टेकवा. पुन्हा ब्रश फिरवू नका. भोवती सगळं राखाडी असल्यामुळे तो पांढरा पेटून उठतो. चौथी जागा खुणावते, तिला उत्तर देऊ नका. मी चौथ्या जागेपायी चांगल्या फळ्या घालवल्या आहेत.

मोठं चित्र करायचं तर ते घरी, या फळीवरून आणि तिच्या मागे लिहिलेल्या टिपांवरून. हेग स्कूलच्या लोकांचीही बरीच मोठी चित्रं स्टुडिओतच पुरी व्हायची. टिपांत रंग लिहू नका, तुलना लिहा. 'वाळू आकाशाहून एक पायरी खाली', 'फेसाचा तळ ढगाएवढा' असं. घरच्या उबेत हात सैल होतो आणि आपण सगळं उजळ करत जातो, तेव्हा या ओळी आवरतात.

शेवटचं काम वाळवण्याचं. जवसाच्या तेलातला जाड थर आतून वाळायला महिने लागतात, व्हार्निशची घाई सहा महिने तरी करू नका. आणि फळी कपाटात किंवा भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं आणि इतक्या मेहनतीने मळलेला गार राखाडी तांबूस होऊन बसतो. इथल्या हिवाळ्यात घरात उजेड कमीच, म्हणून मी फळ्या स्वयंपाकघराच्या दक्षिणेकडच्या खिडकीशी उभ्या करते. पिवळी पडलेली एखादी फळी तिथे काही आठवडे ठेवली की पुन्हा गार होते.